आधी अंग, मग आकडा

गगनबावडा तालुक्यात मनगटावर फिटनेस बँड दिसतो तो बहुतेक भरतीच्या पोरांच्या. पहाटे रस्त्याच्या कडेनं ती धावतात आणि थांबल्या थांबल्या आधी मनगट बघतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८०० मीटर, आणि गुण सेकंदांवर ठरतात. उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९, फुगवून आणखी ५, हे आकडे मुलांना तोंडपाठ असतात. वयाची अट जवळ येत असते. दोन-तीनदा भरती हुकलेला, रात्र रात्र जागणारा, घरात तोंड न उघडणारा असा एखादा पोरगा आईच्या किंवा मामाच्या मागून समुपदेशकाच्या खोलीत येतो, तेव्हाही तो बँड हातात असतोच. त्याच बँडच्या मदतीनं त्याला स्वतःच्या आत काय चाललंय ते ओळखता यावं, यासाठीची ही कृती आहे. समुपदेशनाचं शिक्षण घेतलेल्या कुणालाही ती वापरता येईल, मग ते शाळेत असोत, कॉलेजात की ग्रामीण रुग्णालयात.

कृतीचा पाया कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांचं व्यक्तिकेंद्री समुपदेशन हा आहे. कि. मो. फडके यांच्यामुळे आपल्याकडे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत जास्त ओळखीची झाली. तिथं समुपदेशक अविवेकी विचाराशी वाद घालतो, गृहपाठ देतो. रॉजर्स यांच्या वाटेवर वाद नाही आणि सल्लाही जवळजवळ नाही. बदल घडायला काय लागतं ते त्यांनी १९५७ सालच्या निबंधात मांडलं. त्यातल्या तीन गोष्टी समुपदेशकाच्या अंगी लागतात: मुखवटा न घालता खरं असणं, समोरच्याला विनाअट स्वीकारणं आणि त्याचं जग त्याच्या बाजूनं समजून घेणं. माणूस सावरू लागला की स्वतःची किंमत ठरवण्याचा अधिकार तो हळूहळू बाहेरच्यांकडून काढून आपल्याकडे घेतो, असंही रॉजर्स यांनी पाहिलं होतं.

भरतीच्या पोराचं दुखणं नेमकं इथं आहे. त्याची किंमत आजवर टेपनं आणि स्टॉपवॉचनं ठरली. बँड म्हणजे त्याच्या अंगाला लावलेली आणखी एक टेप होऊ शकते. म्हणून या कृतीला एकच पक्का नियम आहे: माणसानं आधी स्वतःच्या अंगाचं सांगायचं, आकडा नंतर बघायचा, आणि आकड्याशी असहमत व्हायची त्याला पूर्ण मोकळीक द्यायची. हा क्रम उलटला की बँडचं काम मदतीचं उरत नाही, पाळतीचं होतं.

अशा नाजूक संवादात यंत्र आणूच नये, असं काही समुपदेशकांना वाटतं. त्यांची शंका रास्त आहे. पण स्वतः रॉजर्स यांनी यंत्र टाळलं नव्हतं. १९४० नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुपदेशनाच्या बैठका तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या. ‘हर्बर्ट ब्रायन’ असं नाव बदलून एका माणसाच्या सगळ्या बैठका १९४२ सालच्या पुस्तकात शब्दशः छापल्या. समुपदेशकानं कुठं ऐकलं आणि कुठं घाई केली, हे त्या यंत्रानं तपासलं. समोरच्याला पकडण्यासाठी ते कधी वापरलं गेलं नाही. आपणही बँड याच दिशेनं धरायचा.

सुरुवातीला नकार कुणाला द्यायचा

ज्याला दर पाच मिनिटांनी नाडी बघण्याची सवय आहे, आपल्याला हृदयविकार आहे अशी धास्ती आहे, किंवा जेवण आणि वजन यांचे आकडे ज्याच्या डोक्यातून जातच नाहीत, त्याला ही कृती सुचवू नका. आकडा त्याची भीती वाढवतो. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, ठोके चुकत असल्यासारखं वाटणं, किंवा शांत बसलेलं असताना वारंवार शंभरच्या वर ठोके, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. तातडी असेल तर १०८ ला फोन करा. जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं तर बँडचा विषय तिथंच संपतो. त्या वेळी माणसाजवळ माणूस हवा, मनोविकारतज्ज्ञ हवा, आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या आणि घरच्यांच्या हाती हवा.

आधी आपल्या मनगटावर

समोरच्याला सुचवण्याआधी समुपदेशकानं स्वतः काही दिवस बँड घालावा. दुसऱ्याचं ऐकताना आपलं अंग कसं ताठतं आणि कुठल्या विषयाला आपला श्वास वर अडकतो, हे आधी बँड न बघता ओळखावं, मग बघावं. रॉजर्स ज्याला खरं असणं म्हणतात, त्याचा हाच सराव.

यंत्राची परीक्षाही याच दिवसांत घ्या. बँडच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो. दर ठोक्याला तिथलं रक्त कमी-जास्त होतं, तसा परत येणारा प्रकाश बदलतो आणि त्यावरून यंत्र ठोके मोजतं. तोच बँड गुंडाळलेल्या टॉवेलवर किंवा केळ्यावर बांधून बघा. काही स्वस्त घड्याळं तिथंही ठोके दाखवतात. असं घड्याळ पावलं मोजायला ठेवा, मनाच्या कामाला घेऊ नका. मग मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाखाली दोन बोटं टेकवून तीस सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा आणि बँडशी ताडून बघा. शांत बसलेलं असताना चार-पाच ठोक्यांचा फरक चालतो. समोरच्यालाही ही नाडी मोजायला शिकवाच. बँड बंद पडला तरी बोटं त्याच्याजवळच राहतात.

मांडणी: काय बंद, काय चालू

इथं घाई करू नका. पूर्ण एक बैठक गेली तरी ती वाया जात नाही.

प्रथम विचारायचं, तेही खरोखर ‘नको’ म्हणता येईल अशा शब्दांत: “तुझ्या हातात बँड आहेच. वाटलं तर आपण त्याचा उपयोग करू. नको वाटलं तर आज नको, मधेच सोडावासा वाटला तर तेव्हा सोडू. त्यानं आपल्या बोलण्यात काही अडणार नाही.” बँड नसेल तर विकत घ्यायला सांगू नये. कृती अर्ध्याहून जास्त वहीवरच चालते.

मग खातं कुणाच्या नावावर आहे ते बघा. गगनबावड्यातल्या कितीतरी घरांची मुलं मुंबई-पुण्याला आहेत. आईच्या हातातलं घड्याळ पुण्याच्या मुलानं पाठवलेलं असतं आणि ते त्याच्याच खात्याला जोडलेलं असतं. आई किती झोपली हे त्याला तिकडं दिसतं. त्यामागं माया असते हे खरं, पण त्या घड्याळाच्या भरवशावर आई मन मोकळं करू शकणार नाही. खातं तिच्या नावावर, कुलूप तिचं, आणि ठिकाण दाखवणारी सोय बंद. घरात एकच मोबाइल सगळे वापरत असतील तर ॲप ठेवूच नका. बँडच्या पडद्यावर दिसतं तेवढंच पुरे. ठोके मोजायला रेंज लागत नाही, त्यामुळं करूळ किंवा भुईबावडा घाटात मोबाइल मुका झाला तरी काम अडत नाही.

त्यानंतर बंद करायच्या गोष्टी. दिवसाचं लक्ष्य, शाबासकीचे बिल्ले, मित्रांशी स्पर्धा, ‘उठा, चाला’चे इशारे, ताणाचा आकडा आणि झोपेचे गुण, सगळं बंद. दहा हजार पावलांचं लक्ष्य वैद्यकानं ठरवलेलं आहे असं पुष्कळांना वाटतं. ते आलं जपानमधून. १९६५ साली यामासा या कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तो आकडा आपल्या पोराच्या डोक्यावर कशाला ठेवायचा? ‘ताण’ म्हणून जो आकडा दिसतो तो दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या बारीक चढउतारांवरून काढतात. भीती आहे की आनंद, ताप आहे की रात्रीचं जागरण, हे त्या हिशेबाला कळत नाही.

चालू ठेवायचं फक्त ठोके, आणि हवी असेल तर झोपेची वेळ.

बांधताना मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न रुतणारा. हातभर बांगड्या असतील तर दुसऱ्या हातात. मनगटावर गोंदण असेल तर तिथं नको, कारण गोंदणाची शाई प्रकाश शोषते. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात जून ते सप्टेंबर पट्ट्याखालची कातडी सुकतच नाही. रोज काढून, पुसून, तासभर हात मोकळा ठेवावा, नाहीतर पुरळ उठतं. भाताच्या लावणीला तो घरीच ठेवलेला बरा.

वही

साधी शंभर पानी वही. पहिला आठवडा बँड हातात, पण पडद्याकडे बघायचं नाही. सवय मोडायला हे लागतंच. भरतीच्या पोराला हे जड जातं. जड गेलं तर तेही वहीत लिहायचं.

दुसऱ्या आठवड्यापासून दिवसातून दोन-तीनदा, अंगात काही हललं असं वाटेल तेव्हा, थांबून पुढच्या क्रमानं लिहायचं. कुठं आहे, काय चाललंय. अंगात कुठं काय होतंय. त्याला काय नाव द्यावंसं वाटतं, आणि नाव सुचत नसेल तर तसंच सोडायचं. मग अंदाज: ठोके किती असतील? हे सगळं झाल्यावरच मनगट फिरवून आकडा बघायचा आणि समोर लिहायचा. आकडा बघितल्यावर वाटण्यात काही बदल झाला का, ही शेवटची ओळ, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची.

अंगाचं कसं लिहायचं हे शिकवायला लागत नाही. काळजात धस्स होतं, पोटात गोळा येतो, जीव खालवर होतो, अंग जड पडतं, डोकं बधिर होतं, हे सगळं माणसांच्या तोंडात आहेच. आपण सुशिक्षित मंडळी ते ऐकतो आणि लगेच ‘म्हणजे चिंता’ असं भाषांतर करून टाकतो. तसं करू नका. शिकागो विद्यापीठात रॉजर्स यांच्यासोबत काम केलेल्या यूजीन जेंडलिन यांना दिसलं, की ज्यांना समुपदेशनाचा उपयोग होतो ती माणसं बोलता बोलता थांबतात, आत चाचपडतात आणि अंगातल्या धूसर जाणिवेला शब्द शोधतात. हेच त्यांनी पुढं १९७८ सालच्या ‘फोकसिंग’ या पुस्तकात पायऱ्यापायऱ्यांनी मांडलं. वहीतल्या पहिल्या तीन ओळी म्हणजे त्या थांबण्याला दिलेली जागा. लिहिता येत नसेल तर समुपदेशकानं बैठकीत ऐकून लिहावं, वही मात्र त्या माणसाकडेच राहावी.

बैठक

मोबाइल पालथा, वही मिटलेली. बोलायला सुरुवात तो करेल, आणि त्याला ज्यावर बोलायचं आहे त्यावरच. वहीबद्दल त्यानं काही काढलं नाही तर आपणही काढायचं नाही. हा नियम पाळताना मन फार अस्वस्थ होतं, पण पाळायचाच.

समजा, तो आकडाच घेऊन आला:

“मॅडम, काल रात्री अकराला एकशेदहा दाखवत हुतं. मी नुस्ता पडलोय आणि एकशेदहा. माझं काय खरं न्हाई आता.”

इथं तीन उत्तरं जिभेवर येतात. एकशेदहा म्हणजे काही फार नाही, घाबरू नकोस. झोपायच्या आधी मोबाइल बघत होतास का? असं झालं की दीर्घ श्वास घेत जा. तिन्ही भल्या हेतूची आणि तिन्हींत बोलणं आकड्याभोवतीच फिरतं. त्याऐवजी त्याचंच त्याला ऐकू येईल असं म्हणावं:

“नुसता पडला होतास आणि अंग धावत होतं. ते बघून वाटलं, आता आपलं काही खरं नाही.”

“व्हय.”

मग थांबायचं. ही शांतता भरून काढायची नाही. तो पुढं बोलला नाही तर एकच प्रश्न: “आकडा बघायच्या आधी, पडल्या पडल्या, अंगात काय चाललं होतं?”

“आधी… काय न्हाई. म्हंजे आबा जेवताना म्हणालं, कारखान्यात कुठं चिकटतोस का बघूया. मी काय बोललो न्हाई. हितं आवळल्यागत झालं.” हात गळ्याशी जातो.

“गळ्याशी आवळलं.”

“बोलायचं हुतं मॅडम. बोललो असतो तर रडू आलं असतं.”

एकशेदहाचा विषय आता निघालेला नाही आणि आपणही तो काढायचा नाही. आकड्यानं त्याला आबांच्या वाक्यापर्यंत आणि आबांच्या वाक्यानं गळ्यापर्यंत आणलं, इतकंच त्याचं काम होतं. त्याच रात्रीची वही त्यानं स्वतःहून उघडली आणि ‘अंगात: काही नाही’ असं लिहिलेलं निघालं, तरी त्याला पकडल्यासारखं करू नका. तेव्हा काही नाही वाटलं आणि आज गळा आवळलेला आठवतो, यातली दोन्ही खरी आहेत. त्यानं न रडता झोपायचं ठरवलं, हेसुद्धा त्याच्या घरात त्याला वाचवत आलेलं काहीतरी आहे. विनाअट स्वीकार म्हणतात तो अशा जागी कसाला लागतो.

आकडा आणि माणूस जमत नाहीत तेव्हा

हे वारंवार होतं, आणि समुपदेशनाचं खरं काम इथंच सापडतं. एखाद्या वहिनी म्हणतात, आत नुसतं काहूर आहे. बँड बहात्तर दाखवतो. त्या खुळ्यागत हसतात, “म्हणजे मला काय झालंच नाही म्हणायचं.” समुपदेशकानं क्षणभरही घड्याळाची बाजू घ्यायची नाही. शोक पुष्कळदा संथ ठोक्यांत वसतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत. “घड्याळाला दिसलं नाही, तुम्हाला मात्र कळतंय,” एवढं म्हणणं पुरतं.

उलटही होतं. ठोके एकशेवीस आणि माणूस म्हणतो, मी बरा आहे. तो बरा असेलही. स्टँडवरून चढ चढून आला असेल, चहा झाला असेल, अंगात कणकण असेल, नातू आल्याचा आनंद असेल. रक्त कमी असलं तरी ठोके वाढतात. असं रोजच दिसत असेल तर तपासणीला पाठवावं. पण ‘तुझं अंग काही वेगळंच सांगतंय’ हे वाक्य समुपदेशकानं कधीही उच्चारू नये. अंगाचा अर्थ लावायचा अधिकार ज्याचं अंग त्याचा.

यंत्राच्या चुका मोकळेपणानं सांगाव्यात, त्यानं माणसाचा स्वतःवरचा विश्वास वाढतो. खड्ड्यांतून येणाऱ्या एसटीत बसल्या बसल्या बँड पावलं मोजतो. डोक्यावर वैरणीचा भारा हातानं धरून चढण चढणाऱ्या बाईची पावलं मात्र तो कमी मोजतो, कारण तिचा हात हलत नाही. तिचं कष्टाचं अंग आणि यंत्राचा हिशेब यांतलं खरं काय, हे तिला विचारायची गरजही पडत नाही.

झोपेचा आकडा मी शक्यतो वापरत नाही. निपचित पडून छपरावरचा पाऊस ऐकत जागणाऱ्या माणसाला बँड बऱ्याचदा झोपलेला धरतो. गाढ झोप, स्वप्नांची झोप या वाटण्या तर मनगटावरून केलेले अंदाजच. झोपेचे आकडे सुधारण्याच्या ध्यासानं झोप उडालेली माणसं अमेरिकेतल्या डॉक्टरांना दिसू लागली, तेव्हा २०१७ साली त्यांनी त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. साखर कारखान्यात हंगामात पाळ्या करणाऱ्याला तर सकाळी फक्त विचारावं: उठलास तेव्हा अंग कसं होतं?

पावसाळ्यात मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की कोल्हापूरहून येणारा समुपदेशक पोचत नाही, दिवेही जातात, चार्जिंग संपतं. तेव्हा बँड बाजूला ठेवून वही चालू ठेवायची. आकड्याच्या जागी बोटांनी मोजलेली नाडी लिहायची, नाहीतर ती ओळ कोरी सोडायची. अशा खंडानंतर वही अधिक भरलेली येते.

उतरवणं

अंदाज आणि आकडा जवळ येऊ लागले की बँडचं काम संपत आलं, असं वरवर वाटतं. मला ती खूण पुरेशी वाटत नाही; ठोके ओळखणं हे कौशल्य आहे, स्वतःला ओळखणं त्याहून मोठं. माझी खूण दुसरी: वहीतल्या शेवटच्या ओळीत ‘आकडा बघून काही फरक पडला नाही’ असं येऊ लागतं, किंवा तो म्हणतो, “आबा बोलत हुतं तवाच कळलं मला, गळा धरला ते. उठून बाहेर न्हाई गेलो. सांगितलं त्यास्नी, मला अजून एकदा पळायचंय.” भरती होईल की नाही, हा प्रश्न तसाच आहे. पण निवड त्यानं केली.

तेव्हा विचारावं, दोन आठवडे बँडशिवाय राहून बघायचं का. वही चालू ठेवावी. पळताना वेळ मोजायला त्यानं बँड घातला तर हरकत नाही. ते त्याचं मैदान आहे. दोन आठवड्यांनंतर परत हवासा वाटला तर वापरू द्यावा, त्याला अपयश म्हणू नये. आणि मधेच कधी त्यानं तो काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, आता नको, तर ‘का?’ असं विचारण्याआधी “बरं” म्हणावं.

शेवटच्या बैठकीत त्याच्यासमोर, त्याच्याच हातानं ॲपमधली नोंद पुसावी आणि खातं बंद करावं. बँडमध्ये साठलेलंही पुसावं. नुसतं ॲप काढून टाकलं तर कंपनीकडची नोंद तशीच राहते. समुपदेशकाच्या फाइलमध्ये एकही आकडा ठेवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचारांबाबत गुप्ततेचा हक्क देतो, पण या तालुक्यात कायद्याच्या आधी ओळखी पोचतात: फाइल लावणारा कुणाचा तरी पाहुणा असतो. वही त्याची त्याला द्यावी. ती ठेवायची, जाळायची की आबांना दाखवायची, ते तो ठरवेल.